बिनखवल्यांच्या सापाची कात दर खेपेला तुकड्यांत निघते, तेव्हा

तक्रार साधारण अशी असते. कॉर्न स्नेक (अमेरिकेत हौसेने पाळतात तो बिनविषारी साप) आहे, बिनखवल्यांचा. खातो व्यवस्थित, वजन ठीक, हातात घेतला तर शांत. पण कात कधी अख्खी निघत नाही. नाकापासून सुरुवात होते, मानेखाली फाटते, मग दोन-तीन दिवस टाकीत कांद्याच्या पापुद्र्यासारखे तुकडे सापडत राहतात आणि शेवटी शेपटीच्या टोकावर टोपी उरते ती उरतेच. ती कशीबशी काढावी, तर पुढच्या खेपेला पुन्हा तेच.

आमच्या जिलबीचं एका हिवाळ्यात सलग तीनदा असं झालं. जिलबी हे नाव रंगावरून आणि बसण्याच्या पद्धतीवरून. मादी आहे, अडीच वर्षांची, ९५ सेंटिमीटर लांब. आम्ही शिकागोच्या एका उपनगरात राहतो. तिथे बाहेर उणे पंधरा असताना घरात गरम हवेची भट्टी दिवसरात्र घुमत असते. हे पुढे कामाला येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

अडचण सांगितली की सगळे एकच सल्ला देतात: दमटपणा वाढवा. मीही वाढवला, आणि सगळ्यात मोठं नुकसान त्यानेच झालं. म्हणून माझं म्हणणं आहे की पाण्याची फवारणी आधी खाली ठेवा आणि कात कुठे अडली आहे ते बघा. जागा कळली की निम्मं कारण कळतं. पण जागा बघून अर्थ लागायला ही कातडी कशी असते ते थोडं माहीत हवं.

कातडी आहे तरी कशी

सापाचे खवले माशासारखे सुटे नसतात. माशाचा खवला विळीच्या पाठीने खरवडून निघतो. सापाचा निघत नाही, कारण तो कातडीचीच एक घडी असतो. वर केराटिनचा, म्हणजे आपली नखं ज्याची असतात त्याचा, कडक थर आणि दोन खवल्यांच्या मध्ये पातळ, लवचीक बिजागरी. साध्या कॉर्न स्नेकच्या अंगाभोवती, मधोमध मोजलं तर, पाठीच्या खवल्यांच्या पंचवीस-सत्तावीस ओळी भरतात. जिलबीला त्या जवळजवळ नाहीतच.

जवळजवळ म्हणायचं कारण, बिनखवल्यांचा म्हणजे अगदी शून्य खवल्यांचा असं क्वचितच असतं. एकाच विणीतल्या पिलांतही फरक असतो. कुणाच्या पाठीवर बेटांसारखे चुकार खवले असतात, कुणाच्या अजिबात नसतात. जिलबीला डोक्यामागे दोन आहेत, मोहरीहून जरा मोठे, आणि शेपटीच्या आधी डाव्या अंगाला पाच-सहा. पोटावरच्या रुंद आडव्या पट्ट्या मात्र शाबूत आहेत, हनुवटीखालून शेपटीपर्यंत. या सापांत सहसा असंच असतं. पाठ उघडी, पोटाला चिलखत. त्या पट्ट्यांवरच साप सरकतो, त्यामुळे त्याचं चालणं अडत नाही.

पाठीचे खवले गेले आणि पोटाचे राहिले, असं का, हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. त्याचं चांगलं उत्तर जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांच्या गटाने २०२३ मध्ये दिलं. त्यांनी साध्या आणि बिनखवल्यांच्या कॉर्न स्नेकची गर्भावस्था शेजारी शेजारी ठेवून पाहिली. पोटाच्या पट्ट्यांची आखणी गर्भातल्या ज्या खंडांपासून मणके-स्नायू बनतात त्यांच्या मापाने होते. पाठीवरची षटकोनी जाळी मात्र कातडीत रसायनांच्या आपसातल्या खेळातून, एकेक ओळ करत उमटते. आखणीचे मार्ग दोन. एक बिघडला तरी दुसरा बराचसा चालू राहतो. याच गटाने २०१६ मध्ये बिनखवल्यांच्या बिअर्डेड ड्रॅगन सरड्यात ईडीए नावाच्या जनुकातला बिघाड दाखवला होता. तेच जनुक माणसात बिघडलं तर केस विरळ होतात, दात कमी आणि टोकदार येतात, घाम येत नाही. डार्विनने सिंधमधल्या एका कुटुंबातल्या अशा दहा पुरुषांची नोंद करून ठेवली आहे. खवले, पिसं, केस, दात यांची सुरुवात कातडीवरच्या एकाच प्रकारच्या ठिपक्यातून होते, हे कळल्यावर मला जिलबी जरा नात्यातली वाटू लागली.

कॉर्न स्नेकमधला हा गुण अप्रभावी आहे, म्हणजे आईबाप दोघांकडून आला तरच दिसतो. युरोपातल्या पैदासकारांकडे तो २००० नंतर पुढे आला. ग्रेट प्लेन्स रॅट स्नेक या जवळच्या जातीशी झालेल्या संकरातून तो आला असं मानतात.

दिसायला कसा? रंगाच्या पेशी खवल्यात नसून खालच्या कातडीत असतात, त्यामुळे नक्षी जात नाही. केशरी जमीन, त्यावर लालसर चट्टे, सगळं जागच्या जागी. फक्त चट्ट्यांच्या काळ्या कडा, ओल्या कागदावर शाई पसरावी तशा, मऊ होतात. बोट फिरवलं तर कानाच्या पाळीसारखी लागते कातडी. थंड, मऊ, किंचित ओढ घेणारी. आणि वळणावर सुरकुत्या पडतात. साध्या सापाच्या बिजागऱ्या खवल्यांच्या आत मिटतात, इथे मिटायला जागाच नाही, म्हणून कोपरावरच्या कातडीसारख्या वळ्या दिसतात. आईने व्हिडिओ कॉलवर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती म्हणाली, "अरे, हा कुणी सोललाय का?"

खवले नाहीत म्हणून पाणी उडतं, ही समजूत

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. खवले म्हणजे कवच, कवच नाही म्हणजे साप सुकणार, म्हणून त्याला ओलसर ठेवा. पटण्यासारखं आहे. पण बरोबर नाही.

पॉल लिक्ट आणि आल्बर्ट बेनेट या प्राणिशास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये नेमकं हेच तपासलं. त्यांच्याकडे कॅलिफोर्नियातला एक बिनखवल्यांचा गोफर स्नेक आला होता. त्याच्या अंगातून पाणी किती उडतं ते त्यांनी साध्या गोफर स्नेकशी ताडून पाहिलं. फरक सापडला नाही. मग पाणी अडवतं कोण? १९८० च्या सुमाराला रॉबर्ट्स आणि लिलीव्हाइट या संशोधकांनी सापाच्या टाकलेल्या कातीतून स्निग्ध पदार्थ धुऊन काढले, तर कातीतून पाणी सपाटून जाऊ लागलं. म्हणजे बांध खवल्यांचा नाही, कातडीच्या आतल्या थरातल्या चरबीचा. तो थर जिलबीलाही आहे.

तेव्हा बिनखवल्यांच्या कॉर्न स्नेकला दमटपणा साध्या कॉर्न स्नेकएवढाच लागतो. एरवी ४० ते ५५ टक्के, कात टाकायच्या दिवसांत ६०-६५. खवले नसल्याने जे खरंच बदलतं ते वेगळं. घासण्यापासून, टोचण्यापासून आणि भाजण्यापासून संरक्षण कमी होतं, आणि जुनी कात अडकवून ओढायला अंगावर खडबडीतपणा उरत नाही. आपल्या तक्रारीचा संबंध या दुसऱ्या गोष्टीशी आहे.

हे वाचायच्या आधी मी काय केलं ते सांगतो. पहिली कात फाटल्यावर टाकीच्या तळाचा अस्पेन लाकडाचा भुसा रोज फवारून ओला ठेवायला लागलो. तीन आठवड्यांनी जिलबीला उलटं करून पाहिलं तर पोटाच्या चार पट्ट्यांवर साबुदाण्याएवढे पाण्याचे फोड, आजूबाजूला लाली. जिथे चिलखत होतं तिथेच इजा झाली, कारण तोच भाग चोवीस तास ओल्यावर टेकलेला. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांनी सगळा भुसा काढून कोऱ्या किचन पेपरवर ठेवायला लावलं, मलम दिलं. महिनाभराने बरं झालं. आणि एवढं करून त्या दरम्यानची दुसरी कातही फाटलीच.

आधी बघा: ती कात आहे का?

हे लिहिताना थोडी लाज वाटते, पण मी दोन संध्याकाळी जे काढायचा प्रयत्न करत होतो ती कात नव्हतीच. मानेवरच्या वळ्या होत्या.

साध्या सापावर राहिलेली कात लगेच कळते, खवल्यांची चमक गेलेली असते. बिनखवल्यांच्या सापाची चमक मुळातच कमी, त्यात सुरकुत्या. म्हणून अशी परीक्षा करा. खोलीतला दिवा बंद करा, टॉर्च बाजूने, अंगाला जवळजवळ समांतर धरा. साप हातातून सरळ पुढे जाऊ द्या. वळी असेल तर अंग ताणलं की नाहीशी होते आणि दुसऱ्या बाजूला वळलं की पुन्हा येते. कात असेल तर ती जागची हलत नाही, तिला कड असते, आणि ती कड टॉर्चच्या उजेडात पांढुरकी रेघ होऊन दिसते. शंका राहिली तर कोमट पाण्यात बुडवलेली कापसाची काडी त्या जागी अर्धा मिनिट धरा. जुनी कात पाणी पिऊन दुधाळ होते, कड जरा उचलते. जिवंत कातडी फक्त ओली होते.

मग निघालेली कात बघा. ती फेकू नका. काळ्या कापडावर पाण्याने ओली करून पसरा. साध्या सापाच्या कातीवर खवल्यांची जाळी उमटलेली असते. इथे पाठीचा भाग प्लॅस्टिकच्या पातळ पिशवीसारखा सपाट निघतो आणि पोटाकडे पट्ट्यांची शिडी. त्यात तीन गोष्टी शोधायच्या. डोळ्यांवरच्या दोन गोल पारदर्शक टोप्या, बंद असलेलं शेपटीचं टोक, आणि फाटलेल्या कडा पाठीच्या मधून गेल्यात की पाठ-पोटाच्या सांध्यावरून. डोळ्याच्या टोप्या दोन्ही सापडल्या तर सापाच्या डोळ्यात काही शोधत बसू नका. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर एक काचेसारखं आवरण असतं आणि ते कातीबरोबर बदलतं. जिलबीला खवले नसले तरी हे आवरण आहे.

कुठे अडली, त्यावरून काय

अंगभर, कुठेही, चिंध्या चिंध्या होऊन निघाली असेल तर दोष हवेचा, पाण्याचा किंवा सापाच्या तब्येतीचा. कात टाकण्याआधी जुन्या आणि नव्या थरांच्या मध्ये पातळ द्रव सुटतो. डोळे निळसर धुरकट दिसतात ते त्यामुळेच. साप कोरडा पडला असेल तर हा सुटायचा टप्पा नीट होत नाही. कृमी, लांबलेला आजार, उपासमार यांतही असंच होतं. आणि माइट्स, म्हणजे गोचिडीसारखे पण त्यांहून बारीक किडे. ते डोळ्याच्या खोबणीत, हनुवटीखालच्या खाचेत आणि पोटाच्या पट्ट्यांच्या कडांना शोधा. पाण्याच्या भांड्यात बुडालेले काळे ठिपके दिसले तरी समजा. उघड्या पाठीवर ते चटकन दिसतात, तेवढा एक फायदा.

फक्त पाठ आणि पोट जुळतात त्या रेषेवर, किंवा चुकार खवल्यांच्या भोवती अडत असेल तर ते या सापाच्या घडणीतलंच आहे. सपाट पातळ पडदा जाड पट्टीला चिकटलेला असतो. ओढ बसली की पडदा आधी फाटतो. जिलबीच्या डाव्या अंगाच्या पाच-सहा खवल्यांभोवती तिन्ही वेळा भोक पडलं होतं, अगदी त्याच आकाराचं. इथे हवा बदलून फार उपयोग नाही. घासायला योग्य जागा देणं हाच उपाय.

फक्त शेपटीचं टोक राहत असेल तर ते दोन्हीमुळे होतं, आणि तेच सगळ्यात धोक्याचं. टोकावर राहिलेला थर सुकून आवळतो. पुढच्या कातीला त्यावर दुसरा चढतो. रक्त पोचेनासं होतं आणि टोक काळं पडून गळतं. त्यामुळे बाकी कुठे एखादी चिंधी राहिली तर पुढच्या कातीपर्यंत थांबता येतं, शेपटीला थांबायचं नाही.

आणि जुन्या जखमेच्या वणावर दर वेळी अडत असेल तर तिथे ती आयुष्यभर अडणार. जिवंत उंदीर खायला घालू नये याचं हे एक कारण. साध्या सापालाही उंदराचा चावा महागात पडतो, बिनखवल्यांच्या पाठीला तर काहीच आडोसा नाही. गोठवलेला, नीट वितळवलेला उंदीर, चिमट्याने.

मापक खोटं बोलत होतं

तिसरी कात फाटली तेव्हा जानेवारी होता. आईला फोनवर रडगाणं सांगत होतो. म्हटलं, टाकीत ६० टक्के दाखवतंय, तरी असं होतंय. आई म्हणाली, "मी जानेवारीत तुमच्याकडे आले होते तेव्हा माझ्या टाचा फुटून रक्त आलं होतं, विसरलास? तुझ्या त्या हीटरनं."

"आई, त्याला टाचा नाहीत."

"कातडं आहे ना?"

फोन ठेवल्यावर मी टाकीच्या काचेला चिकटवलेलं, दमटपणा मोजायचं काट्याचं मापक काढून बाथरूममध्ये नेलं. गरम पाण्याचा शॉवर सोडून दहा मिनिटं ठेवलं. साठ. बाहेर गॅलरीत नेलं. साठ. काटा अडकला होता, बहुधा विकत आणल्या दिवसापासून.

नवं, तारेला टोकाशी सेन्सर असलेलं डिजिटल मापक आणलं, पण आता विश्वास उडाला होता, म्हणून मिठाची परीक्षा केली. तुम्हीही करा, फुकट आहे. बाटलीच्या झाकणात स्वयंपाकाचं मीठ घ्या, दोन-चार थेंब पाणी घाला. मीठ ओल्या वाळूसारखं व्हायला हवं, विरघळायला नको. ते झाकण आणि मापक एका घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत रात्रभर ठेवा. ओल्या मिठाच्या बंद जागेतली हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते. माझं नवं मापक सकाळी ७२ दाखवत होतं, म्हणजे वाचलेल्या आकड्यात तीन मिळवायचे. सेन्सर जिलबीच्या लपायच्या जागेजवळ, जमिनीपासून दोन बोटं वर ठेवला. आकडा आला २४.

फोडांमुळे मी सगळं कोरडं केलं होतं, टाकीला वरून जाळीचं झाकण होतं, जाळीवर उष्णतेचा दिवा, आणि खोलीत भट्टीची हवा. दिव्याने गरम झालेली हवा जाळीतून वर निघून जाते आणि तिच्या जागी खोलीतली कोरडी हवा येते, अखंड. पहिल्या कातीनंतर फवारत होतो तेव्हा खालचा भुसा भिजलेला आणि वरची हवा कोरडी, दोन्ही एकाच वेळी चुकीचं.

केलं ते एवढंच. जाळीचा दोन तृतीयांश भाग जाड प्लॅस्टिक शीटने झाकला, उष्णतेकडचा भाग उघडा ठेवून. दिवा काढला, खालून हीट मॅट (विजेवर तापणारी चटई) लावली, तापमान आवरणाऱ्या थर्मोस्टॅटवर, गरम बाजू २९ अंश, थंड बाजू २३. थर्मोस्टॅट नसेल तर मॅट लावूच नका. पोटाला पट्ट्या असल्या तरी या सापांना अंगाची बाजू टेकवून झोपायची सवय असते आणि तिथे काहीच नसतं. सेन्सर मॅटच्या वर, सापाचं अंग टेकतं त्या पृष्ठभागावर बांधा. पाण्याचं भांडं मोठं केलं. दुसऱ्या दिवशी आकडा ४६ वर आला, काहीही न फवारता.

ओला डबा आणि घासायच्या जागा

अख्खी टाकी ओली करण्याऐवजी एक ओली खोली द्यायची. झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, साप आत गुंडाळून बसला तर अंग तिन्ही बाजूंना टेकेल एवढाच. बाजूला सापाच्या जाडीच्या दुप्पट भोक पाडा आणि त्याची कड मेणबत्तीवर किंवा सँडपेपरने गुळगुळीत करा. हे विसरू नका, साध्या सापाला ओरखडाही येणार नाही अशी प्लॅस्टिकची कड या कातडीला कापते. आत स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ), भिजवून घट्ट पिळलेलं. मुठीत दाबलं तर थेंब पडता कामा नये. डबा गरम आणि थंड बाजूच्या मध्ये.

डोळे धुरकट झाले की डबा ठेवायचा, कात निघाली की काढायचा. कायम ठेवला तर साप त्यातच मुक्काम करतो आणि पोटाचं पुन्हा तेच. धुरकटपणा दोन-चार दिवसांनी जातो, डोळे स्वच्छ दिसतात, आणि त्यानंतर काही दिवसांत कात निघते. मधल्या स्वच्छ डोळ्यांच्या दिवसांत "झालं वाटतं" म्हणून डबा काढू नका. मी एकदा काढला होता.

आता घासणं. साधा साप दगडाच्या, लाकडाच्या खरबरीत कडेला नाक घासून कात सोडवतो आणि मग अरुंद जागेतून सरकत ती उलटी करत मागे टाकतो, पायमोजा काढावा तशी. बिनखवल्यांच्या सापाला तसाच दगड दिला तर कातीबरोबर नवी कातडीही सोलवटते. गुळगुळीत प्लॅस्टिक दिलं तर काहीच धरत नाही. मधलं काहीतरी हवं. बरेच प्रयोग करून मला तीन गोष्टी चालल्या: कॉर्कच्या सालीची अर्धगोल नळी, आतून हात फिरवून सगळी कुसळं काढलेली, वडाच्या पारंबीएवढी जाड, साल काढून पाण्यात उकळलेली द्राक्षवेलीची फांदी, आणि जुन्या टर्किश टॉवेलचा ओला, पिळलेला तुकडा, एका मगात सैल कोंबलेला. हा टॉवेल सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी. फक्त त्याचे सुटे धागे आधी कापून टाका, शेपटीला गुंडाळतात. कोणतीही वस्तू टाकीत ठेवायच्या आधी ती स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला घासून बघायची. तिथे ओरखडा उठला तर सापाला नाही द्यायची.

शेपटीची टोपी काढताना

सपाट डबा, झाकणाला भोकं, २८-३० अंशांचं कोमट पाणी, सापाच्या जाडीच्या निम्म्याहून कमी. वीस मिनिटं. जवळ बसून राहा. मग ओल्या टॉवेलची सैल मूठ करा आणि साप त्यातून स्वतः पुढे जाऊ द्या. तुम्ही ओढायचं नाही, तो ओढेल. दोन-तीन फेऱ्यांत टोपी निघते. नाही निघाली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. मी पहिल्यांदा नखाने कड पकडून ओढली होती. टोपीबरोबर खालचा कोवळा थर आला आणि गुलाबी ओलसर ठिपका उघडा पडला. तो भरायला दोन काती गेल्या.

तेल लावू नका, खोबरेल नाही, बेबी ऑइल नाही. साबण तर नकोच. पाणी अडवणारा बांध चरबीचा आहे हे वर आलंच आहे. चिकटपट्टीने कात ओढण्याचे व्हिडिओ फिरतात, ते साध्या सापावरही करू नये असं माझं मत आहे.

डोळ्यावरची टोपी राहिली असेल तर घरी काहीही करू नका. ओला डबा द्या आणि पुढच्या कातीची वाट बघा. दोन काती होऊनही तशीच असेल, डोळा खोलगट किंवा सुजलेला दिसत असेल, शेपटीचं टोक काळवंडलं असेल, पोटाला फोड असतील, तर डॉक्टर. कुत्र्या-मांजरांचे नाही, सरपटणारे प्राणी रोज बघणारे.

भारतातून कुणी हे वाचत असेल तर एक गोष्ट स्पष्ट सांगतो. हा सगळा मजकूर अमेरिकेत पैदाशीत जन्मलेल्या कॉर्न स्नेकचा आहे. धामण, नाग, दिवड, मांडूळ, कुठलाही आपला देशी साप घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, खवले असोत की नसोत. शेतात असा सोललेला दिसणारा साप आढळला तर वनविभागाला किंवा नोंदणीकृत सर्पमित्राला कळवा. तो भाजलेला किंवा जखमी असण्याची शक्यता जास्त.

मार्चमधली कात एका तुकड्यात निघाली. मगात कोंबलेल्या टॉवेलमध्ये नाकाकडचा भाग अडकलेला आणि कॉर्कच्या नळीच्या दुसऱ्या तोंडाला शेपटी, ओली असताना मोजली तर एक मीटरच्या वर, कारण कात निघताना ताणली जाते. दोन्ही डोळ्यांच्या टोप्या, बंद टोक. डाव्या अंगाच्या त्या पाच-सहा खवल्यांपाशी मात्र भोक होतंच, नेहमीच्याच आकाराचं, आणि सापावर तेवढीच एक चिंधी, जी तिसऱ्या दिवशी आपोआप गेली. मेमधली तशीच. तिथलं भोक मी आता बिघाडात धरत नाही.

आज सकाळी तिचे डोळे पुन्हा धुरकटले आहेत. मॉस पिळून डबा ठेवला आहे, टॉवेल वाळत घातला आहे.